प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारांत नुसतं चालणं पुरत नाही

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या ठाण्यातल्या काकांना व्यायामाचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "चालतो की रोज, तलावपाळीला दोन फेऱ्या." चालणं चांगलंच आहे. त्याने थकवा कमी होतो, साखर आटोक्यात राहते, झोप लागते. पण हार्मोनच्या इंजेक्शनने ज्या मांड्या बारीक होतात, त्या फेऱ्या मारून भरून येत नाहीत. त्यांना वजनाचा ताण लागतो. प्रोस्टेट काढायच्या ऑपरेशननंतर लघवी ठिबकते तिला चालणंही पुरत नाही आणि वजनंही. तिचा व्यायाम तिसराच आहे, आणि तो बहुतेक जण चुकीचा करतात.

कॅन्सरच्या रुग्णांच्या व्यायामाबद्दल २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशींत साधारण असं प्रमाण दिलं आहे: आठवड्यातून ३ वेळा प्रत्येकी ३० मिनिटं दम वाढवणारी हालचाल, आणि २ वेळा ताकदीचा व्यायाम. उपचार संपून तब्येत स्थिरावली की लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं. हे प्रमाण गाठायचं कसं, ते मात्र तुम्ही उपचारांच्या कुठल्या टप्प्यावर आहात यावर ठरतं. ऑपरेशननंतर लघवीची नळी लावलेल्या माणसाचा व्यायाम वेगळा आणि दीड वर्ष इंजेक्शन घेणाऱ्याचा वेगळा.

आधी डॉक्टरांना हे विचारा

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: आजार हाडांत गेला आहे का, आणि गेला असेल तर कुठल्या हाडांत? "थोडासा हाडांत आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. कमरेचा मणका, मांडीच्या हाडाचा वरचा भाग, बरगडी, नेमकी जागा कागदावर लिहून घ्या, कारण कुठले व्यायाम वगळायचे ते त्यावरूनच ठरतं.

मग हृदयाचं. छातीत भरून येणं, जिना चढताना धाप लागणं, पूर्वी अँजिओप्लास्टी झालेली असणं, यातलं काही असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांइतकंच हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारायला हवं. बसल्या जागी बीपी १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, फोन करायचा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर पटकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत थांबा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर वजनं उचलायची नाहीत.

एक मोजमाप घरीच करून ठेवा. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवा. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. घड्याळाकडे घरातल्या कुणाला तरी बघू द्या. ६५ ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर पायांची ताकद सरासरीच्या खाली आहे असं धरतात. ६० ते ६४ साठी हा आकडा १४, ७५ ते ७९ साठी ११. आकडा तारखेसह लिहून ठेवा. उपचारांत वजनकाटा फसवतो, कारण स्नायू जाऊन चरबी आली तरी किलो तेवढेच दिसतात. खुर्ची फसवत नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर

हातात तीन-चार आठवडे असतील तर दोनच गोष्टी नीट करा: रोज अर्धा तास भरभर चालणं, आणि लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचा सराव. हा सराव ऑपरेशनच्या आधीच शिकून घेतलेला बरा. नंतर तो भाग सुजलेला, बधिर असतो आणि नेमकं काय आवळायचं तेच कळत नाही.

नळी असेपर्यंत

ऑपरेशन रोबोटने होवो, दुर्बिणीतून होवो की पोट उघडून, लघवीची नळी साधारण ७ ते १४ दिवस राहते. या दिवसांत व्यायाम म्हणजे चालणं आणि घोट्यांची हालचाल, बस. पलंगावर असताना दर तासाला दोन्ही पावलं २० वेळा वर-खाली करा. पोटरीत रक्ताची गाठ होण्याचा धोका या काळात खरोखरच असतो. एका पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा जाणवला तर चोळू नका, हॉस्पिटलला कळवा. अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली तर थेट इमर्जन्सीत जा.

घरी आल्यावर दिवसातून ५-६ वेळा ५-५ मिनिटं, घरात किंवा मजल्याच्या पॅसेजमध्ये चाला. एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा हे बरं. आठवडाभरात एका वेळची ५ मिनिटं १० वर न्या. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीला राहिली पाहिजे, म्हणजे हातात धरली तर गुडघ्याजवळ, कमरेजवळ नाही. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा आणि तिला थोडी ढील ठेवा, नाहीतर प्रत्येक पावलाला ती आतून ओढली जाते आणि टोकाशी जखम होते. पायजम्याच्या नाडीखाली नळी दबते, म्हणून लुंगी किंवा सैल हाफ पँट बरी.

चालून आल्यावर पिशवीत गुलाबीसर लघवी दिसली तर घाबरू नका. पाणी प्या, थोडं पडून राहा, पुढची फेरी छोटी करा. लाल भडक रक्त, गाठी, किंवा दोन तास पिशवीत थेंबही नाही आणि ओटीपोट तटतटलंय, असं झालं तर नळी तुंबली आहे. तेव्हा वाट बघत बसू नका.

नळी असताना ओटीपोटाच्या तळाचे, म्हणजे लघवी धरणाऱ्या स्नायूंचे व्यायाम करायचे नाहीत. नळी आत धरून ठेवणाऱ्या फुग्याभोवती आवळल्याने फक्त कळा येतात.

आणि कपालभाती. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीवर भेटायला आलेला कुणीतरी "काका, कपालभाती सुरू करा, सगळं बरं होतं" असं सांगतोच. पहिले ६ आठवडे कपालभाती, भस्त्रिका, नौकासन, सूर्यनमस्कार, भुजंगासन, सगळं बंद. पोटाला झटका बसला की टाक्यांवर आणि मूत्राशय-मूत्रमार्गाच्या आतल्या नव्या जोडावर दाब येतो. हर्नियाही होऊ शकतो. शांत दीर्घ श्वसन आणि अनुलोम-विलोम चालेल. शौचाला कुंथायचं नाही हेही याच कारणाने. त्यासाठी दिलेलं औषध वेळेवर घ्या.

लघवी धरणाऱ्या स्नायूंचा व्यायाम, नीट

नळी निघाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की सुरू करा. ज्यांनी आयुष्यभर योग केला आहे त्यांना हे मूलबंध किंवा अश्विनी मुद्रेसारखं वाटेल. इथेच गफलत होते. अश्विनी मुद्रेत भर गुदद्वारावर असतो. लघवी थांबवणारा स्नायू पुढे असतो, आणि मागचा कितीही घट्ट आवळला तरी पुढच्याला हवं तेवढं काम मिळत नाही.

१. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावलं टेकवा. मांड्या, नितंब, पोट ढिलं सोडा.

२. धार मध्येच तोडायची आहे असं समजून पुढच्या बाजूने आवळा. लिंग किंचित आत ओढलं जातंय आणि वृषण वर उचलले जातायत असं जाणवायला हवं. पहिल्यांदा करताना छोटा आरसा धरून पाहिलं तर ही हालचाल दिसते. दिसत नसेल आणि नितंब मात्र दगडासारखे झाले असतील, तर चुकतंय.

३. आवळताना श्वास चालू ठेवा. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

४. सुरुवातीला ३ सेकंद धरा, ६ सेकंद पूर्ण सोडा. असं १० वेळा. मग १० वेळा पटकन आवळून पटकन सोडा. हा एक संच.

५. दिवसाला ३ संच. दर आठवड्याला एक-दोन सेकंद वाढवत १० सेकंदांपर्यंत न्या. सोडण्याचा वेळही निदान तेवढाच ठेवा.

६. झोपून जमलं की बसून, बसून जमलं की उभं राहून. गळती उभं राहिल्यावरच होते, त्यामुळे उभ्याचा सराव झाल्याशिवाय फरक कळत नाही.

लघवी करताना मध्येच धार तोडून रोज सराव करू नका. एखाद्या वेळी स्नायू ओळखण्यापुरतं ठीक आहे. सवय लागली तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. तसंच दिवसाला ३०० वेळा आवळण्यानेही काही मिळत नाही. हा स्नायू छोटा आहे, दमला की संध्याकाळी गळती उलट वाढते. सकाळी पॅड कोरडा आणि संध्याकाळी ओला असेल तर स्नायू दमतोय हे त्याचं कारण असतं. अशा वेळी संच कमी करा.

पुढची पायरी रोजच्या वापरात: खुर्चीतून उठण्याच्या, शिंकण्याच्या, खोकण्याच्या, पिशवी उचलण्याच्या क्षणभर आधी आवळायचं. कारण गळती नेमकी तेव्हाच होते. हे अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात, आणि बहुतेकांची गळती महिन्यामहिन्याने कमी होत जाते. पाणी पिणं कमी करून गळती थांबवू नका. गडद लघवी मूत्राशयाला जास्त चुरचुरते. चहा मात्र कमी करून बघा. नीट व्यायाम करूनही तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर ओटीपोटाच्या तळाचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. स्त्रियांसाठीच असतात असं समजून पुरुष तिकडे जात नाहीत.

सहा आठवड्यांपर्यंतची बंधनं

४ ते ५ किलोपेक्षा जास्त काही उचलायचं नाही, ४ ते ६ आठवडे. नेमकी मुदत तुमचे सर्जन सांगतील. घरातल्या वस्तूंत बोलायचं तर आट्याची ५ किलोची पिशवी ही हद्द. पाण्याचा २० लिटरचा जार, भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर (भरलेला ३० किलोच्या आसपास), नातू, यातलं काहीही नाही. गणपतीचे दिवस मध्ये आले तर मूर्ती दुसऱ्याने उचलावी.

स्कूटर आणि सायकल निदान ६ ते ८ आठवडे बंद, जिमची बसून चालवायची सायकलही त्यातच आली. सीटचा दाब नेमका शिवलेल्या जागेच्या खाली येतो. घोडबंदर रोडवरून रिक्षाने जाताना खड्ड्यांचे दणके बसतात. फुगवलेल्या रिंगऐवजी मऊ सपाट उशी घेऊन बसा. गाडी चालवणं नळी निघाल्यानंतर, जोरात ब्रेक दाबताना पोटात कळ येत नसेल तेव्हा. जमिनीवर मांडी घालून जेवण, उकिडवं बसणं पहिले काही आठवडे टाळलेलं बरं; संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची खुर्ची आणा.

चालण्याचं वेळापत्रक: दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिवसाला १५ मिनिटं दोनदा, चौथ्यात २० मिनिटं दोनदा, सहाव्यापर्यंत सलग ३०. चढ नको, सपाट रस्ता.

शेक चालू असताना

रेडिएशनला आपल्याकडे शेक म्हणतात. प्रोस्टेटला तो आठवड्यातून ५ दिवस, साधारण ४ आठवडे किंवा जास्त चालतो. काही जणांना ५ मोठ्या सिटिंगमध्येही देतात. दुखत नाही, पण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास थकवा येतो आणि संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. या थकव्याचं वैशिष्ट्य असं की झोपून राहिल्याने तो जात नाही, वाढतो.

इथे व्यायामाची वेळ महत्त्वाची. शेक देताना मूत्राशय भरलेलं आणि आतडं रिकामं लागतं, म्हणून ठरावीक वेळ आधी लघवीला जाऊन मग मोजून पाणी प्यायला सांगतात. त्याआधी उन्हात घाम गाळून आलात तर प्यायलेलं पाणी घामाची तूट भरण्यात जातं, मूत्राशय वेळेत भरत नाही आणि टेबलावरून उठवून परत बाहेर बसवतात. म्हणून चालणं सिटिंगनंतर, लघवी करून झाल्यावर.

प्रवासही हिशोबात धरा. ठाण्याहून खारघरच्या टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात रोज जाणारा माणूस ट्रान्स हार्बरच्या पनवेल लोकलने गेला तर जिने, पूल, उभं राहणं यातच त्याची बरीच ताकद खर्च होते. अशा दिवशी वेगळं चालणं १० मिनिटंही पुरे. शनिवार-रविवारी मात्र ३० मिनिटं आणि ताकदीचा एक संच. ज्याचं केंद्र घराजवळच आहे त्याने रोज २०-३० मिनिटं चालायला हरकत नाही.

थकव्याला एक साधी कसोटी आहे. चालायला लागा, १० मिनिटांनी बघा. बरं वाटलं तर पुढे, जास्त गळून गेल्यासारखं वाटलं तर घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दमलेले उठलात तर पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी करा. सगळ्यात जास्त चुका चांगल्या दिवशी होतात: एका दिवशी हुरूप येतो, माणूस उपवन तलावाला पोचून तीन फेऱ्या मारतो आणि पुढचे तीन दिवस पलंगावर असतो.

जुलाब किंवा लघवीची घाई असेल तर चालायचा रस्ता संडासाभोवती आखा, म्हणजे सोसायटीच्या आवारातच. त्वचा लाल झाली असेल तर क्लोरिनच्या पाण्यात पोहणं आणि सायकल दोन्ही नको.

हार्मोनची इंजेक्शनं: इथे वजनं हवीत

महिन्याचं, तीन महिन्यांचं, सहा महिन्यांचं इंजेक्शन असो की वृषण काढायचं ऑपरेशन, हेतू एकच: टेस्टोस्टेरॉन (ज्या पुरुषी हार्मोनवर हा कॅन्सर वाढतो ते) जवळजवळ शून्यावर आणायचं. त्याच टेस्टोस्टेरॉनवर स्नायू, हाडं आणि रक्त उभं असतं. काही महिन्यांत मांड्या-दंड बारीक होतात, पोट सुटतं, हाडांची घनता घटते (पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने), साखर आणि कोलेस्टेरॉल चढतं, अंगातून वाफा निघतात. इंजेक्शन चालू असताना स्नायू वाढत नाहीत असा समज आहे. तो चूक आहे. वजनाचा व्यायाम केला तर ताकद या काळातही वाढते. वाट बघायची नाही, पहिल्या इंजेक्शनच्या आठवड्यातच सुरुवात करायची.

जिम लागत नाही. एक मजबूत खुर्ची, शाळेची जुनी सॅक, पाण्याच्या १ लिटरच्या बाटल्या (एक भरलेली बाटली म्हणजे १ किलो), दोन कापडी पिशव्या आणि एक रबरी पट्टा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा: समजा सोमवार आणि गुरुवार. आधी ५ मिनिटं घरात चालून अंग गरम करा.

खुर्चीवरून उठणं. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पावलांच्या वर येईल इतकं पुढे झुका, श्वास सोडत उठा, पूर्ण ताठ व्हा. खाली बसताना मनात तीनपर्यंत मोजा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम गेला. गुडघे आत एकमेकांकडे पडू देऊ नका. १० वेळा, दीड मिनिट विश्रांती, पुन्हा १०. सलग दोन दिवस १२-१२ सहज जमले की सॅकमध्ये एक बाटली घालून ती छातीशी धरा. मग दोन, मग तीन. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. गप्पा मारत १५ होत असतील तर वजन कमी आहे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, व्यायाम सोडू नका.

पायरी चढणं. जिन्याची सगळ्यात खालची पायरी, एक हात कठड्यावर. उजवा पाय वर, त्याच पायाच्या जोरावर शरीर उचला, डावा पाय मागून ढकलू नये. ८ वेळा उजवा, ८ वेळा डावा. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील. दुसऱ्या दिवशीचं ते दुखणं दोन-तीन दिवसांत जातं. एकाच ठिकाणी टोचणारं, रात्री वाढणारं दुखणं हे तसलं नाही, ते डॉक्टरांना सांगायचं.

भिंतीवरचे दंड: भिंतीपासून हातभर लांब उभं राहून, १० वेळा. सोपं झालं की भिंतीऐवजी स्वयंपाकघराचा ओटा. पट्टा खिडकीच्या पक्क्या गजाला अडकवून कोपर मागे ओढणं, १० वेळा. खांदे कानाकडे चढू देऊ नका. ओट्याला धरून टाचा उचलणं, १२ वेळा. आणि शेवटी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पॅसेजमध्ये चालणं, प्रत्येकी २ किलोपासून सुरू, अर्धा-अर्धा मिनिट दोनदा. बाजारातून भाजी आणताना हेच होतं. फरक इतकाच की इथे पाठ ताठ ठेवायची आणि दोन्ही बाजूंना सारखं वजन घ्यायचं. प्रत्येक व्यायामाचे दोन संच, सगळं मिळून पाऊण तास. ऑपरेशन झालं असेल तर उचलण्याची मुदत संपल्यावरच, आणि प्रत्येक उचलण्याआधी तो पुढचा स्नायू आवळून.

श्वास रोखून जोर लावू नका. बीपी उसळतं, ओटीपोटावर दाब येतो, लघवीही निसटते. जोर लावताना सोडा, परत येताना घ्या.

तोल सांभाळण्याचा सराव रोज: ओट्याजवळ उभं राहून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या. हाडं विरळ झालेल्या माणसाचं पडणं म्हणजे मनगट किंवा खुब्याचं फ्रॅक्चर. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झाली नसेल तर विचारा. हाडं विरळ असल्याचं निघालं तर पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं खोल पुढे वाकणं, कमरेला पीळ देणारी आसनं सोडा. मणक्याला पुढून दाब बसतो.

चालणं उरलेल्या दिवसांत. वेग असा की बोलता येईल पण आरती म्हणता येणार नाही. आणि प्रथिनं: मूत्रपिंडं ठीक असतील तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ग्रॅमहून थोडी जास्त, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७५-८० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम माशात साधारण २०. वरण-भात-भाजीवर हा आकडा गाठला जात नाही. उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यातलं काहीतरी तिन्ही वेळेला ताटात हवं.

ॲबिराटेरोन ही हार्मोनवरची गोळी घेत असाल तर बीपी घरी मोजत राहा. ते चढतं, पोटॅशियम उतरतं, पावलांना सूज येते. स्नायूंत गोळे किंवा छातीत धडधड जाणवली तर व्यायाम थांबवून रक्त तपासा. तशाच दुसऱ्या औषधाने, एन्झाल्युटामाइडने, थकवा आणि पडण्याचा धोका वाढतो, म्हणून त्यावर असताना तोलाचा सराव चुकवू नये आणि एकट्याने पोहू नये.

केमो, आणि हाडांत गेलेला आजार

डोसेटॅक्सेल हे केमोचं औषध दर ३ आठवड्यांनी देतात. डोसनंतरचे पहिले काही दिवस घरातल्या घरात चालणं एवढंच. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला असतात, तेव्हा गर्दीची जिम, लोकल, लग्नाचे हॉल नकोत. तिसऱ्या आठवड्यात जोर भरून काढा. ताप १००.४ च्या वर गेला तर व्यायामाचं सोडा, त्याच रात्री हॉस्पिटल. तळपायांना मुंग्या, बधिरपणा असेल तर अनवाणी आणि उंचसखल रस्त्यावर चालू नका.

हाडांत आजार असेल तरी व्यायाम बंद नाही, पण तो कॅन्सरची माहिती असलेल्या फिजिओच्या देखरेखीखाली, दुखऱ्या हाडावर वजन येणार नाही असा. मणक्यात असेल तर वाकून उचलणं आणि पीळ नाही. खुब्यात किंवा मांडीच्या हाडात असेल तर पायरीचा व्यायाम आणि एका पायावर उभं राहणं नाही. बरगडीत असेल तर भिंतीवरचे दंड नाहीत. उड्या, धावणं कुणालाच नाही. पाठीत नवीन, वाढत जाणारं दुखणं, पायांतली ताकद जाणं, दोन मांड्यांमधल्या जागेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा अचानक सुटणं: यातलं एकही दिसलं तर उद्याची ओपीडी नाही, आत्ता इमर्जन्सी. मज्जारज्जूवर दाब आल्याची ही लक्षणं आहेत आणि उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.

कुठे आणि केव्हा

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये इथली दमट हवा घाम सुकू देत नाही. वाफा येणाऱ्या माणसाने साडेसातच्या आत घरी परतावं, सुती कपडे, हातात पाणी. ठाण्यात कचराळी तलावाची फेरी सपाट आहे. तलावपाळी सकाळी लवकर ठीक, संध्याकाळच्या गर्दीत धक्के लागतात. येऊरचा चढ चौथ्या-पाचव्या महिन्यात, दम आणि गळती दोन्ही आटोक्यात आल्यावर. नवी मुंबईत वाशीचं मिनी सीशोर, नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरचं सेंट्रल पार्क यांपैकी जवळचं निवडा. पाम बीच रोडच्या कडेने चालायचा मोह होतो, पण तिथे मध्येच घाई झाली तर पंचाईत होते. पॅडवर असताना नकोच.

पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशा हा सगळ्यात मोठा शत्रू. जून ते सप्टेंबर पोडियमवर, पार्किंगमध्ये किंवा पॅसेजमध्ये चाला. मजल्याचा पॅसेज २० मीटर असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या ५० फेऱ्यांत एक किलोमीटर होतं. कंटाळवाणं आहे, मान्य. तेव्हा त्या महिन्यांत चालण्याचा एक दिवस कमी करून पिशव्या आणि पायरीचा एक जास्त दिवस घाला.

पीएसएच्या (प्रोस्टेटसाठीच्या रक्ताच्या) तपासणीला जाण्याआधी, प्रोस्टेट काढलेलं नसेल तर, दोन दिवस सायकल चालवू नका; सीटच्या दाबाने आकडा थोडा चढू शकतो आणि नसता घोर लागतो. रिपोर्टच्या फाइलमध्येच खुर्चीच्या आकड्यांचा कागद लावा, महिन्याला एक नोंद. १३ वरून १० वर आला असेल तर फॉलोअपला डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता तो पुढे करा.